वजन उतरलं पण गालफडं बसली, चेहऱ्यात स्वतःचीच चरबी भरून घ्यावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे आणि घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय.

मी ४७, पुण्यात असते. गेल्या वर्षी शुगर बॉर्डरच्या पलीकडे गेली, गुडघे बोंबलायला लागले, म्हणून फिजिशियनच्या देखरेखीखाली मौन्जारो (शुगर आणि वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन) सुरू केलं. ८४ किलोवरून ६६ वर आलेय. गुडघे गप्प, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ताळ्यावर, जुने ब्लाउज उसवून आत घेतले, सगळं मस्त. पण चेहऱ्याची पार रया गेली हो. गालफडं आत बसली, कानशिलापाशी खड्डे, डोळे खोल, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन पन्हाळी पडल्यात. सोसायटीत, वाण्याकडे, हळदीकुंकवाला, जी भेटते ती आधी हात धरते आणि आवाज खाली आणून विचारते, "अगं, काय झालं गं? बरं नाही का?" जाऊबाईंनी तर नवऱ्याला बाजूला घेऊन रिपोर्ट काय आले ते विचारलं. आता हसावं का रडावं सांगा.

तर मी दोन-तीन ठिकाणी दाखवून आले. एका स्किनवाल्यांनी फिलर (गाल भरायची जेलची इंजेक्शनं) सांगितले, एक सिरिंज पंचवीस हजार आणि माझ्या चेहऱ्याला चार-पाच तरी लागतील, वर दीड वर्षात पुन्हा. एका प्लास्टिक सर्जननी फॅट ट्रान्सफर सांगितलं, पोटावरची किंवा मांडीची चरबी काढून, स्वच्छ करून तीच गालात आणि कानशिलात भरायची, कोटेशन एक लाख चाळीस. आणि तिसऱ्या क्लिनिकात रिसेप्शनवरच्या मुलीनेच मला "मॅम, स्टेम सेल फेसलिफ्ट करा, लंचटाइममध्ये होतं, आज बुक केलं तर तीस टक्के ऑफ" असं सांगितलं, डॉक्टर भेटायच्या आधीच!

पोटावर अजून वळकटी आहेच, त्यामुळे मला फॅट ट्रान्सफर एका दगडात दोन पक्षी वाटतंय. पण भीतीही वाटते. ती चरबी टिकते का, गुठळ्या होतात का, किती दिवस तोंड लपवून बसावं लागतं, आणि मुख्य म्हणजे माझं इंजेक्शन अजून चालू आहे, अजून चार-पाच किलो उतरवायचेत, मग आत्ता करावं का थांबावं? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. "आहे तशीच छान दिसतेस" हे नवरा रोज सांगतो, ते नकोय.

घाटावरचा

ताई, सत्तेचाळीसाव्या वर्षी गाल बसणारच. आमच्या आईचे पस्तिशीत बसले होते, शेतात राबून. तिने काय चरबी भरली होती का? एक लाख चाळीस हजारात गुंठाभर नाही पण कोपराभर जमीन येते. गावठी तूप खा, चेहरा आपोआप भरेल.

मुक्काम_ठाणे

@रानजाई, मी केलंय, चाळिशी ओलांडल्यावर. माझं कारण तुमच्यासारखंच, थोडं वजन आणि थोडं वय. खरं खरं सांगते.

माझ्या मांडीच्या आतल्या बाजूने घेतली चरबी कारण पोटावर धड नव्हतीच. आधी तिथे कसलंसं पाणी टोचतात, त्यात भूल आणि रक्त कमी यावं म्हणून औषध असतं, मग पातळ नळीने सिरिंजमध्ये ओढतात. मला वरून गुंगीचं इंजेक्शन होतं, पूर्ण बेशुद्ध नव्हते, मधेमधे डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) एका स्टँडवर सिरिंजा उभ्या करून ठेवल्या होत्या, वर पिवळं तेल, मधे चरबी, खाली लालसर पाणी, असे तीन थर स्पष्ट दिसत होते, आणि सिस्टर वरचं तेल कापसाच्या वातीने टिपून घेत होत्या. तेवढं मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

दुखण्याचं म्हणाल तर चेहरा नाही, मांडी दुखते. तोंडाला नुसता ताण. मांडीवर निळंजांभळं झालं होतं, खाली बसून काही करणं पंधरा दिवस बंद, वर तो घट्ट पट्ट्याचा कपडा दिवसरात्र. चेहरा तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, डोळे धड उघडत नव्हते. आठवड्याने सूज उतरायला लागली, दोन आठवड्यांनी मास्क लावून ऑफिसला गेले, कुणाला काही कळलं नाही.

पण पहिल्या महिन्यात आरशात बघून मी रडले होते कारण चेहरा फारच भरलेला, माझा वाटेचना. सर्जन म्हणाले थांबा, ही सूज आहे. आणि तसंच झालं, हळूहळू उतरत गेला, आणि मग उलटी भीती, की सगळंच जातंय की काय. चौथ्या महिन्यानंतर मात्र स्थिर झाला, तो आजपर्यंत तसाच आहे. डावा गाल उजव्यापेक्षा किंचित कमी धरलाय, फोटोत मला दिसतं, बाकी कुणाला नाही.

एक तक्रार आहे, आणि ती राहणारच. डाव्या डोळ्याखाली छोटी गाठ आहे, मुगाएवढी. समोरून दिसत नाही पण लिफ्टमधल्या वरच्या दिव्यात दिसते. मसाज सांगितला, केला, थोडी मऊ झाली, गेली नाही. डोळ्याखालची कातडी फार पातळ असते त्यामुळे तिथे जरा जास्त पडलं की दिसतंच. मला विचाराल तर गाल आणि कानशील पुन्हा करीन, डोळ्याखाली नाही.

भूलबाई

मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही. या केसेसना भूल देते, त्यामुळे टेबलाच्या डोक्याकडून जे दिसतं ते सांगते. नेटवरच्या लिहिण्यावर निर्णय घेऊ नका, पण कन्सल्टिंगला जाताना काय विचारायचं ते तरी कळेल.

रानजाई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत. अजून चार-पाच किलो उतरवायचेत आणि इंजेक्शन चालू आहे. मग आत्ता अजिबात नाही. जी चरबी गालात लावणार ती पोटाची किंवा मांडीची, आणि ती गालात गेली म्हणून स्वभाव बदलत नाही. वजन उतरलं की ती तिथेही उतरते, वजन वाढलं की तिथेही फुगते. आज तुम्ही भरून घेतलं आणि पुढे पाच किलो गेले तर पैसे पाण्यात. आणि उलटही होतं. ही औषधं बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, मग ज्या गालात मुद्दाम भरलंय ते गाल आधी गुबगुबीत होतात. म्हणून वजन निदान सहा महिने एका जागी राहिलेलं पाहिजे, दोन किलो इकडे तिकडे चालेल, आणि औषध पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं हे फिजिशियनशी ठरलेलं पाहिजे. जो सर्जन हे न विचारता तारीख देतो त्याच्याकडून उठून या.

टिकते का? काही टिकते, काही जाते, आणि किती जाईल ते कुणीही आधी छातीठोक सांगू शकत नाही. साधारण तीस ते सत्तर टक्के धरा, एवढा मोठा फरक असतो माणसामाणसात आणि एकाच चेहऱ्याच्या दोन भागांतसुद्धा. कारण असं की काढलेल्या चरबीला रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस ती आजूबाजूच्या द्रवावर तग धरते, मग नव्या रक्तवाहिन्या येतात. म्हणून एका जागी मोठा गोळा टाकला तर कडेचा भाग जगतो आणि मधला मरतो, त्याचं तेल होतं, गाठ होते, कधी चुना साठून कडक होते. भाताची लावणी बघितली असेल, जुडगा तसाच चिखलात खोचला तर कुजतो, दोन-चार काड्या अंतराअंतरावर लावल्या तर धरतात, अगदी तसंच. चांगला सर्जन बोथट टोकाच्या नळीने (कॅन्युलाने), ती मागे घेताघेता, थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत भरतो. वेळ लागतो त्याला. अर्ध्या तासात अख्खा चेहरा होत नाही, लंचटाइममध्ये तर नाहीच.

हे तंत्र नवं नाही. जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जनने १८९३ मध्ये दंडावरची चरबी चेहऱ्यावरच्या व्रणाखाली भरली होती. पण भरवशाचं झालं ते १९९० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमननी चरबी हलक्या हाताने काढायची, फिरवून तेल-रक्त वेगळं करायचं आणि बारीक बारीक भरायची अशी पद्धत बसवली तेव्हा. मुक्काम_ठाणे यांनी ते तीन थर पाहिले ते तेच.

आता भीतीचं. सूज, काळंनिळं, कमीजास्त होणं, गाठी, हे वर आलंच. जंतुसंसर्ग कमी होतो पण आपल्याकडे एक खास ऐकून ठेवा. हत्यारं नीट निर्जंतुक केलेली नसतील, नळाच्या पाण्याने धुऊन घेतलेली असतील, तर टीबीच्या चुलतभावंडांपैकी एक जंतू शिरतो. तो लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी लाल गाठी येतात, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि मग महिनोन्‌महिने औषधं खावी लागतात. म्हणून हे खऱ्या ऑपरेशन थिएटरमध्येच करायचं, पार्लरच्या मागच्या खोलीत नाही.

आणि एक दुर्मिळ पण भयंकर. चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद होऊन दृष्टी जाऊ शकते, मेंदूपर्यंत गेली तर पक्षाघात. २०१५ मध्ये जगभरच्या नोंदी गोळा करून फिलर किंवा चरबी टोचल्यावर नजरेवर परिणाम झालेल्या ९८ केसेस छापल्या होत्या, त्यातल्या जवळपास निम्म्या चरबीच्या होत्या. जगभरात किती लोक हे करून घेतात ते बघता प्रमाण फार कमी आहे, पण झालं तर मागे फिरणं जवळजवळ नाही. भुवयांच्या मधली जागा आणि नाक सगळ्यात धोक्याचं. फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे असतील तर ते विरघळवायचं इंजेक्शन तरी असतं, तेही वेळेत दिलं तर. चरबी विरघळवायला काही नाही. बोथट नळीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, की असं झालं तर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत काय करणार. चेहऱ्यावरून कळतं.

शेवटचं माझ्या खात्यातलं. या इंजेक्शनांनी पोट हळू रिकामं होतं. तुम्ही आदल्या रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून "मी कुठलंही औषध घेत नाही, फक्त आठवड्याचं एक इंजेक्शन" असं म्हणू नका, तेच तर सांगायचंय! काही वेळा निदान आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, सगळ्यांना नाही, पण शुगरसाठी घेत असाल तर आपल्या मनाने नाही, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. तेच इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांचं. आणि तंबाखू, मिश्री, सिगरेट काहीही असेल तर ते बंद, निकोटिनने नव्या रक्तवाहिन्या धड येत नाहीत.

चिंचोके

भूलबाईंनी मेडिकल सांगितलं, मी खिशाचं सांगतो. बायकोच्या वेळी मी एक्सेल शीट बनवली होती (हो, मी तसला नवरा आहे).

कोटेशनमध्ये काय काय धरलंय ते लिहून घ्या. सर्जनची फी, ओटी, भूलतज्ज्ञ, रक्ततपासण्या, तो पट्ट्याचा कपडा, औषधं, जीएसटी. आम्हाला फोनवर सांगितलेला आकडा आणि शेवटचं बिल यात चाळीस हजाराचा फरक होता. आणि मेन म्हणजे टचअप. भूलबाई म्हणतात तसं तीस टक्केच धरलं तर दुसऱ्यांदा भरावं लागणार, ते फुकट का अर्ध्या पैशात का पुन्हा पूर्ण, हे आधी ठरवा, नंतर सगळे हात वर करतात. मेडिक्लेमचा विचारच सोडा, कॉस्मेटिक सर्जरी सगळ्या पॉलिसीत एक्सक्लुजनमध्ये असते, अपघात, भाजणं, कॅन्सर असं कारण असलं तरच.

काही ठिकाणी सांगतात की उरलेली चरबी आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो, टचअपला तीच वापरू. ऐकायला फार किफायतशीर. आमच्या सर्जननी साफ नाही म्हणून सांगितलं, साध्या फ्रीजरमध्ये पेशी जगत नाहीत आणि मेलेली चरबी भरून गाठी आणि इन्फेक्शनच मिळायचं.

ते स्टेम सेलवालं तर सोडूनच द्या. चरबीत तसल्या पेशी असतात हे खरं, पण त्यावरून "स्टेम सेल फेसलिफ्ट" म्हणून विकणं हा धंदा आहे. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट वगळता बाकी स्टेम सेल उपचार म्हणून विकायला परवानगी नाही. तीस टक्के ऑफ म्हणे. डाळ घेताय का?

फोटोंबद्दल एक. क्लिनिकच्या अल्बममध्ये आधीचा फोटो वरून दिवा, चेहरा गंभीर, केस मागे बांधलेले. नंतरचा फोटो समोरून दिवा, लिपस्टिक, किंचित हसू. हसलं की गाल वर येतातच हो! सेम दिवा, सेम तोंड, आणि सहा महिन्यांनंतरचे फोटो मागा. महिन्याभरातले फोटो म्हणजे सूज बघताय. आणि डॉक्टरची पाटी वाचा, एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे का. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर रजिस्ट्रेशन बघता येतं, पाच मिनिटांचं काम. "एस्थेटिक फिजिशियन", "कॉस्मेटॉलॉजिस्ट" अशा पाट्यांखाली कोण बसलंय काही सांगता येत नाही.

पाऊसवेडी२६

मला उलट प्रॉब्लेम आहे 😅 माझे गाल फुगीर आहेत, मी बकल फॅट (गालाच्या आतली चरबी) काढायचा विचार करतेय, इन्स्टावर सगळ्या करतायत. इथे सगळे भरायचं म्हणतायत. वय २६.

भूलबाई

@पाऊसवेडी२६, नको गं. जे तू आत्ता काढशील तेच हा अख्खा धागा वीस वर्षांनी परत भरायला बघतोय. वयाने चेहऱ्यातली खोल चरबी आपोआप कमी होते, गालाची हाडंही झिजतात. आणि ते परत भरणं किती कटकटीचं आहे ते वर वाचलंसच.

कृष्णाकाठ

@घाटावरचा, दादा, तुमच्या आईंना नमस्कार. पण गाल बसणं म्हणजे सगळ्यांना नुसता नटण्याचा प्रश्न नसतो.

मी सांगलीकडे बरीच वर्षं एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचार केंद्राला) समुपदेशक होते. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन म्हणून एक होती, स्वस्त, जीव वाचवणारी, पण तिने हातापायांची आणि चेहऱ्याची चरबी झडायची. माणूस धडधाकट, सीडीफोर (प्रतिकारशक्तीचा आकडा) चांगला, कामावर जातोय, आणि गाल मात्र आत हाडाला चिकटलेले. गावात सगळ्यांना तो चेहरा ओळखू यायला लागला होता. एसटीत शेजारची जागा रिकामी राहायची. एक ट्रक ड्रायव्हर दाढी छातीपर्यंत वाढवून यायचे, उन्हाळ्यातसुद्धा, का तर गाल झाकावेत. एक बाई होत्या, पदर दातात धरून बोलायच्या, मला वाटायचं लाजाळू आहेत, मग एकदा पदर सुटला तेव्हा कळलं. २००९ मध्ये डब्ल्यूएचओने ती गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, हळूहळू आपल्याकडेही बंद झाली, पण गेलेले गाल काही परत आले नाहीत. परदेशात याच रुग्णांसाठी पहिल्यांदा चेहरा भरायच्या काही इंजेक्शनांना मान्यता मिळाली, अमेरिकेत २००४ मध्ये. आमच्या लोकांना कोण देणार एक लाख चाळीस हजार. जिच्या हातापायांवरच चरबी नाही तिची काढणार तरी कुठून.

पॅरी रॉम्बर्ग नावाचा एक आजार असतो, त्यात चेहऱ्याची एकच बाजू झिजत जाते, बहुतेक लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतं. अशा मुलामुलींना हीच चरबीची शस्त्रक्रिया करतात, आजार थांबला की. तीच सिरिंज, तीच नळी. तेव्हा रानजाईताईंना लोक रोज "काय आजार झाला" विचारत असतील तर त्यांना त्रास होणारच, त्यात तूप खाऊन काय होणार. आणि तूप खाल्लं तर ते आधी पोटावर जातं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

घाटावरचा

आजाराचं वेगळं, त्याला मी कुठे नाही म्हणतोय. ताईंना आजार नाही, तब्येत उलट सुधारलीय. चार बायका विचारतात म्हणून सुया टोचून घ्यायच्या का, एवढंच माझं म्हणणं. आणि तुपाबद्दल बोलायचं काम नाही.

मुक्काम_ठाणे

@घाटावरचा, चार बायका नाहीत हो, रोजचा आरसा. पुरुषांना लोक "फिट झालास" म्हणतात, आम्हाला "बरी आहेस ना" म्हणतात.

सह्याद्रीपार

मी मध्यममार्ग सांगू का. मी आधी फिलर केले, दोनच सिरिंज, फक्त गालाच्या हाडावर, मुद्दाम थोडे. म्हटलं बघू भरल्यावर मी कशी दिसते, आवडलं नाही तर विरघळवता येतात, नाहीतर वर्ष-दीड वर्षात जातातच. मला आवडलं, पुढे चरबीचं करायचं का ते ठरवायचंय. फिलरने ट्रायल घेता येते, चरबीने नाही. अर्थात फिलरसुद्धा रक्तवाहिनीत जाऊ शकतात, विरघळवायचं औषध क्लिनिकात ठेवलंय का ते आधी विचारा, मी विचारलं तर बाईंनी कपाट उघडून दाखवलं, तेव्हाच टेबलावर बसले.

अजून एक. आरशासमोर उभं राहून दोन बोटांनी गालाची कातडी कानाकडे हलकेच ओढून बघा. तेवढ्याने चेहरा बरा दिसायला लागला तर तुमचा प्रॉब्लेम खड्ड्यापेक्षा सैल कातडीचा आहे, वजन पटकन उतरलं की असं होतं. सैल पिशवी चरबीने ताणायला गेलं तर ओंजळभर भरावी लागते आणि मग तो टीव्हीवरच्या नट्यांसारखा सुजरा चेहरा होतो, हसलं की डोळे गायब. तसं असेल तर प्रामाणिक सर्जन फेसलिफ्टचं नाव काढेल किंवा काहीच करू नका म्हणेल. आणि डोळ्याखाली काळं असेल तर कातडी जरा ताणून बघा, काळेपणा तसाच राहिला तर तो रंग आहे, सावली नाही, भरून जाणार नाही. आपल्या लोकांत तो रंगच जास्त असतो.

रानजाई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. एक एक वाचलं, काही दोनदा.

कातडी ओढून बघितलं. गालावर फार फरक पडत नाही, खड्डाच आहे, जबड्यापाशी मात्र सैल आहे थोडी. डोळ्याखालचं काळं ताणलं तरी तसंच राहिलं, म्हणजे ते माहेरचं देणं, आईलाही होतं, त्याच्या नादी लागत नाही आता.

घाटावरचे दादा, रागावू नका, तुपावर माझा काही आकस नाही. पण चार बायका हे कारण नाहीये. परवा पासपोर्ट रिन्यूअलला जुना पासपोर्ट आणि नवा फोटो शेजारी ठेवला तर काउंटरवरच्या मुलाने दोनदा वर बघितलं माझ्याकडे. मलाही मी ओळखू आले नाही. एवढंच आहे ते.

तर ठरवलंय असं, की आधी वजन जिथे थांबायचंय तिथे थांबू दे. फिजिशियनशी पुढच्या भेटीत डोस कमी करत न्यायचं का ते बोलते. त्यानंतर सहा महिने वजन हललं नाही तर मग फॅट ट्रान्सफर सांगणाऱ्या त्याच सर्जनकडे, पण या धाग्याची प्रिंट घेऊन. कारण भूलबाई, खरं सांगू, त्यांनी औषधाचं विचारलंच नव्हतं. वजन स्थिर आहे का हेही नाही. पोट बघितलं आणि "भरपूर आहे" म्हणाले फक्त.

अजून दोन प्रश्न. एक, साधारण किती चरबी लागते, कारण त्यांनी तीस एमएल म्हटलं आणि मला एकदम पेलाभर वाटलं. दोन, माझी दोन सिझेरियन झालीत, आडवा व्रण आहे, त्याच्या वरच वळकटी आहे. तिथून काढता येते का?

भूलबाई

तीस एमएल म्हणजे दोन मोठे चमचे. अख्ख्या चेहऱ्याला दोन्ही बाजू मिळून, गाल, कानशील, हनुवटीच्या कडा धरून, तेवढं लागू शकतं, ते काही फार नाही. पण एकदम पूर्ण भरण्यापेक्षा थोडं कमी भरा म्हणावं, कमी पडलं तर पुन्हा घालता येतं, जास्त झालं तर काढणं महाकठीण. आणि हो, म्हणूनच पोट सपाट होण्याच्या आशेवर राहू नका, दोन मोठे चमचे गेल्याने वळकटीला कळणारही नाही. दोन पक्षी नाहीत, एकच. जाताना दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो घेऊन जा, समोरून आणि एका बाजूने, लग्नातले मेकअपचे नकोत. सर्जनला तुमचे गाल मुळात कसे होते ते दिसलं पाहिजे, नाहीतर तो त्याच्या मनातले गाल लावेल.

सिझेरियनचं बरं झालं विचारलंत. व्रणाजवळ आतून चिकटलेलं असू शकतं, आणि क्वचित व्रणातून हर्निया असतो, तो बाहेरून कळतही नाही, विशेषतः पोटावर वळकटी असली की. हर्नियात आतडं वर आलेलं असेल आणि वरून नळी आंधळेपणाने फिरवली तर आतड्याला भोक पडू शकतं, गाल राहतील बाजूला. म्हणून आधी झोपवून, खोकायला लावून पोट तपासायला सांगा, शंका आली तर सोनोग्राफी. नाहीतर सरळ मांडीची किंवा कमरेच्या बाजूची चरबी घ्या म्हणावं, तीस एमएल तिथेही सापडते.

चिंचोके

@रानजाई, प्रिंट नको, सर्जन लोकांना नेटवरची प्रिंट बघितली की चिडायला होतं. वहीत प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं त्यांच्यासमोर लिहून घ्या. एक्सेल हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो.